प्रश्न चौदावा: आधी काय?

प्रिय भुंग्या,

पत्र हातात पडलं की सगळ्यात आधी एक कर. गोळ्या चालू ठेव. निदान सोमवारी डॉक्टरांकडे जाईपर्यंत तरी. मी तुला ओळखते. बंदच करायच्यात तर दोन दिवस आधी काय नि नंतर काय, असं म्हणून पाकीट कचऱ्यात टाकायला तू मागेपुढे पाहणार नाहीस. टाकलं असशील तर उचलून आण, हात धू, गोळी घे आणि मग खुर्चीत बसून हे वाच. लांबण लागणार आहे. एरवी माझी पत्रं तू जिन्यात उभ्या उभ्या संपवतोस, पण हे बसून वाच.

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. इतका खुशीत तू कित्येक वर्षांत बोलला नव्हतास. ताई, मी नुसता दारुडा निघालो गं, असं म्हणून तू हसत सुटलास आणि मलाही हसू आलं, कारण ही बातमी परीक्षेत पहिला आल्यासारखी सांगणारा माणूस जगात तू एकटाच असशील. व्यसनमुक्ती केंद्रातल्या नव्या डॉक्टरांनी जुन्या हॉस्पिटलातून तुझे बारा वर्षांपूर्वीचे कागद मागवले. त्यात स्वच्छ लिहिलंय की आधी दारू आणि मग बाकी सगळं, मनाचा वेगळा आजार नाही. दारू सुटून नऊ महिने झाले, तेव्हा त्या दोन गोळ्यांना आता काही कारण उरत नाही, सोमवारी रक्ताचा रिपोर्ट बघू आणि थांबवू, असं ते म्हणाले. हाताची थरथर जाईल, हे तू मला तीनदा सांगितलंस. पाट्या रंगवणाऱ्याचा हात थरथरतो म्हणजे काय होतं, ते मला कुणी समजवायला नको. एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर एकच काना चार वेळा पुसून पुन्हा काढताना मी तुला पाहिलंय. तर एवढं सगळं ऐकून मी तुला म्हटलं, छान. आणि मीटिंग आहे अशी थाप मारून फोन ठेवला. फोनवर मला खोटं फार सहज जमतं, भुंग्या. म्हणून लिहून पाठवतेय.

माझ्या कामाबद्दल तू नेहमी विचारतोस आणि मी नेहमी कंटाळवाणं आहे म्हणून उडवून लावते. आज नीट सांगते. आमच्या खोलीत लोखंडी कपाटांमध्ये चारशे जुन्या फाइली आहेत. वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या व्यसनमुक्ती वॉर्डांमधून आणलेल्या, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या. नावांवर, पत्त्यांवर काळी पट्टी चिकटवलेली, वर नुसता नंबर. ज्या माणसाला व्यसनही आहे आणि मनाचा आजारही आहे, त्याच्या बाबतीत आधी काय आलं, हे त्या कागदांवरून शोधायचं, हा आमचा अभ्यास. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सगळं त्याच्यावर असतं. आधी दारू असेल आणि तिच्यामुळे मन बिघडलं असेल, तर दारू सुटल्यावर बरेचदा मनही सावरतं. आजार आधीचा असेल, तर दारू सुटली तरी तो तिथंच बसलेला असतो, आणि माणूस सुधारला म्हणून सगळे पाठ फिरवतात तेव्हा उठतो. प्रत्येक फाइल आमच्यातली दोन माणसं वेगवेगळी वाचतात, एकमेकांशी न बोलता. शेवटी एक फॉर्म भरायचा. त्यातला चौदावा प्रश्न म्हणजे, आधी काय? व्यसन असेल तर एक, आजार असेल तर दोन. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर फाइल आमच्या मॅडमसमोर जाते आणि दोघांनी आपापला पुरावा दाखवायचा.

माझ्या जोडीला जी दुसरी वाचणारी आहे ती रिटायर झालेली नर्स आहे. तीस वर्षं वॉर्डात काढलेली, सगळे तिला सिस्टर म्हणतात. बोलायला फटकळ, चहा इतका गरम पिते की बघणाऱ्याची जीभ भाजावी. तिची एक सवय आहे. ती फाइल मागून वाचते. डॉक्टरांचं पुढचं टापटीप पान सोडून आधी मागे लावलेले नर्सचे कागद काढते. डॉक्टर पेशंटला दहा मिनिटं बघतात, नर्स आठ तास बघते, असं तिचं म्हणणं. आम्ही तिची चेष्टा करायचो.

तर सहा आठवड्यांपूर्वी माझ्या टेबलावर दोनशे सतरा नंबरची फाइल आली. पुरुष, वय चोवीस, धंदा पाट्या रंगवणे. एवढ्यानं काही होत नाही, पाट्या रंगवणारे पुष्कळ असतात. मी पान उलटलं. माहिती देणारी व्यक्ती: मोठी बहीण, पदवीधर. विश्वासार्हता: चांगली. आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात माझी वाक्यं. लहानपणापासून हसतमुख. आजारपण काही नाही, तेराव्या वर्षी फक्त कावीळ, चार महिने घरी. एकोणिसाव्या वर्षी मित्रांच्या नादानं दारू. त्यानंतर चिडचिड, उदासी. आमचा नियम अगदी साधा आहे. फाइल ओळखीच्या माणसाची निघाली तर तिथंच मिटायची आणि मॅडमच्या हातात द्यायची, कारणसुद्धा कुणी विचारत नाही. दोन मिनिटांचं काम होतं ते. मी फाइल मिटली खरी, पण दिली नाही. पुढचं काहीही न वाचता चौदाव्या प्रश्नासमोर एक लिहिलं. म्हणजे बारा वर्षांपूर्वी बहीण म्हणून जे खोटं बोलले, त्यावर आता संशोधक म्हणून स्वतःच शिक्का मारला. त्यानंतर मी जेवायला गेले आणि नीट जेवलेही, हे तुला सांगायला हवं.

खोटं म्हटलं ना मी? आता ते सांगते. भुंग्या, तुला कावीळ झालेली नव्हती.

तेराव्या वर्षाचं तुला जे आठवतं ते सगळं आम्ही सांगितलेलं आहे. तू अंथरुणावर होतास, शाळा बुडली, गोड खायची सक्ती होती, खरं ना? मला जे आठवतं ते ऐक, मी तेव्हा सोळा वर्षांची होते. आधी तू तीन आठवडे थांबतच नव्हतास. बोलणं थांबेना, चालणं थांबेना. आपल्या गल्लीतल्या घरांचे नंबर चुकीच्या क्रमानं लावलेत असं तुझ्या डोक्यानं घेतलं आणि तू खडू घेऊन एका दिवसात साठ घरांचे नंबर बदललेस. पोस्टमन आपल्या दारात येऊन ओरडत होता आणि तू त्याला नवा क्रम किती बिनचूक आहे ते पटवत होतास. लोक हसले, मीसुद्धा हसले. मग एका सकाळी तू उठला नाहीस. तू सतत काहीतरी गुणगुणायचास, म्हणून तर तुझं नाव भुंगा. ते बंद झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचास, आई घास भरवायची तर तो तोंडातच धरून ठेवायचास. एके दुपारी तू मला अगदी शांतपणे विचारलंस की, ताई, मी नसलो तर तुम्हाला एक खोली जास्त मिळेल ना? हे चार महिने चाललं. शाळेत वेड्याचा शिक्का बसू नये म्हणून आईनं ओळखीच्या डॉक्टरांकडून काविळीचा दाखला आणला, ती तिची चूक. तिनं ती तेव्हाच कबूल केली होती, निदान माझ्याजवळ. नंतर तू हळूहळू उठलास, तुला फारसं काही आठवत नव्हतं, आणि आम्हीही तो विषय पुन्हा काढला नाही. घरात दारूचा थेंबसुद्धा नव्हता तेव्हा. दारू सहा वर्षांनी आली.

मला वाटतं तू ती त्या आजारावर घेत होतास. पण हे माझं वाटणं झालं, ठरवायचं काम डॉक्टरांचं. त्यांना ठरवता येईल असं काही मी त्यांच्या हाती लागूच दिलं नाही, एवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

मंगळवारी तुझा फोन ठेवला आणि तासाभरात बुधवारच्या मीटिंगची यादी आली. आकडे न जुळलेल्या तीन फाइली. त्यात दोनशे सतरा. मी एक लिहिलं होतं, सिस्टरनं दोन. माझं धाबं दणाणलं. एका कानात तुझं हसू आणि समोर ती यादी. मी चक्क हिशोब मांडला की सिस्टर एकटी, पेन्शनीतली, तिचा पुरावा नर्सच्या कुठल्यातरी गिचमिड ओळीत असणार. मी जोर लावला तर मॅडम माझं ऐकतील. फाइल पुन्हा कपाटात गेली की विषय संपला. इतकी वर्षं वेळ मारून नेली होती, आणखी एकदा नेता आली असती.

बुधवारी मी तयारी करून गेले. खोलीत आम्ही तिघीच. मॅडमनी मला आधी बोलायला सांगितलं आणि मी बोलायला लागले. बहीण सुशिक्षित आहे, सगळ्या तारखा नीट सांगते, डॉक्टरांनी तिला विश्वासार्ह म्हटलंय. माझा आवाज स्थिर होता. सिस्टर चहा पीत ऐकत होती. मग ती म्हणाली की काविळीला चार महिने आणि त्यात एकाही रक्ततपासणीचा उल्लेख नाही, तेरा वर्षांच्या पोराला असली कसली कावीळ? आणि एवढ्या तारखा पाठ असणाऱ्या बहिणीला भावाच्या त्या चार महिन्यांबद्दल एकच शब्द सांगता येतो, तो का? तिनं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं, तिला काही माहीत असायचं कारणच नव्हतं. पण तुझी सोमवारची वेळ डोळ्यांसमोर आली. हे मी जिंकले, तर तू तिथं हसत हसत गोळ्या टाकून देणार. मी म्हटलं, ती बहीण मी आहे.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की आणखी किती फाइली तुमच्या ओळखीच्या होत्या. एकही नाही, हे खरं होतं, पण ते खरं वाटायला आता काही जागाच उरली नव्हती. मी वाचलेल्या सगळ्या दोनशे अकरा फाइली आता दुसरं कुणीतरी पहिल्यापासून वाचणार आहे. मी या अभ्यासातून बाहेर आहे. ते ठीकच झालं, त्याचं दुःख तुझ्यापर्यंत आणत नाही. पण त्या खोलीत मी आणखी एक केलं ते सांगायलाच हवं. मॅडमनी विचारलं, का केलंत? आणि मी म्हटलं, आईनं सांगितलं होतं. घराण्याच्या नावाला जपणारी बाई, दारुडा मुलगा चालेल पण वेडा नको म्हणणारी. हे माझ्या तोंडून इतकं गुळगुळीत बाहेर पडलं की क्षणभर माझाच विश्वास बसला.

सिस्टरनं चहाचा कप बाजूला ठेवला. तिनं फाइल ओढली, मागची पानं काढली आणि एका ओळीवर बोट ठेवून वाचलं. भेटायच्या वेळेत आई आली होती. लहानपणच्या आजाराबद्दल डॉक्टरांशी बोलायचं म्हणते. मंगळवारी अकरा वाजता यायला सांगितलं आहे. आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात: मंगळवार, आई आली नाही.

आई एकटी वॉर्डात जाऊन आली होती हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. त्या मंगळवारचं मात्र मला सगळं माहीत आहे. ती साडेनऊलाच तयार होऊन बसली होती, केस विंचरून, पर्स मांडीवर घेऊन. म्हणाली, डॉक्टरांना सांगते सगळं, काविळीचा दाखला खोटा होता तेही सांगते. माझं लग्न पाच आठवड्यांवर आलेलं होतं. भाऊ दारू पितो हे तिकडे माहीत होतं, त्यावर ते लोक हसून म्हणाले होते की तरुण मुलगा आहे, सुटेल. पण वेडाची गोष्ट रक्तातली असते, उद्या आमच्या नातवंडांचं काय, असं ते म्हणतील, हे मी माझं मीच ठरवलं होतं. कुणी मला तसं म्हटलं नव्हतं. मी आईला सांगितलं की तू जायची गरज नाही, मी कालच डॉक्टरांना सगळं सांगितलंय, अगदी घरांच्या नंबरांपासून. तिनं विचारलं, काविळीचंही? मी म्हटलं, हो, काविळीचंही. ती मला म्हणाली की बरं झालं बाई, मला एवढं नीट बोलता आलं नसतं. आणि पर्स ठेवून स्वयंपाकाला लागली.

हे तेव्हाच निस्तरता आलं असतं. लग्न झाल्यावर सांगता आलं असतं. पाच महिन्यांनी तू परांचीवरून पडलास तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. सगळे म्हणाले, प्यायला असेल, पाय घसरला. तू मला एकटीला म्हणाला होतास की पाय घसरला नव्हता, ताई. आणि तुझ्या रक्तात दारू नव्हती, तो रिपोर्ट मी हातात धरला होता. मी तुझे केस कुरवाळले, असं बोलू नये म्हटलं आणि रिपोर्ट इतर कागदांच्या खाली सरकवला. तू आज लंगडतोस त्याचा मी रोज विचार करते असं लिहिलं तर तेही खोटं होईल. पुष्कळ दिवस मी अजिबात विचार केला नाही. माणूस स्वतःला शेंड्या लावायला लागला की किती लांबवर जातो, हे मला कपाटातल्या चारशे फाइलींनीसुद्धा शिकवलं नसतं.

आणि गेल्या वर्षीचं. दारू सोडल्यावर तू तीन आठवड्यांत चाळीस पाट्या रंगवल्यास, मागितल्या नव्हत्या त्यासुद्धा, आणि आधीच्या डॉक्टरांनी ते बघून गोळ्या सुरू केल्या. आई तुला म्हणाली की हे तुझं तेराव्या वर्षाचंच दुखणं आहे रे. तू तिच्यावर किती ओरडलास. मला फोन करून विचारलंस, आई मला लहानपणापासून वेडा ठरवतेय, खरं काय ते सांग. मी म्हटलं, कावीळ होती, मी होते ना घरात, आईचं आता वय झालंय, काहीही बोलते. त्यावर तू केंद्रातल्या कागदावर लिहून दिलंस की घरच्यांशी काही बोलू नये आणि त्यांचं काही ऐकू नये. तेव्हापासून तू आईशी बोललेला नाहीस, आठ महिने झाले. तिला वाटतं, डॉक्टरांना सगळं माहीत असूनही तू बरा झाला नाहीस. तुला वाटतं, आई तुझ्यावर नसता डाग लावते. मध्ये मी, दोघांची लाडकी, दोघांना एकमेकांची खुशाली कळवणारी.

काल मी घरी दोघांना सांगितलं. आधी तुझ्या भाऊजींना. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, मला विचारायचं तरी होतंस. नंतर डबा घेऊन कामावर गेले, आणि जाताना रोजच्यासारखं मला सांगून गेले नाहीत. त्यांनी तेव्हा हो म्हटलं असतं की नाही ते मला कधीच कळणार नाही, आणि ते कळून न घेता मी तुझं आयुष्य मोजून दिलं, हे आता माझ्याबरोबर राहणार.

फाइलीतलं काहीही तुझ्यासाठी वापरायचं नाही, असं मॅडमनी मला बजावलंय, नियम आहे तो, मी मोडणार नाही. पण मी निघताना त्या म्हणाल्या की बहीण म्हणून जे डोळ्यांनी पाहिलंत ते तुमचं आहे. म्हणून काल दुपारी मी केंद्रात फोन केला. तिथल्या बाई नम्रपणे म्हणाल्या की पेशंटनं लिहून दिलंय, त्यांच्या सहीशिवाय आम्ही तुमच्याकडून काही ऐकूनही घेऊ शकत नाही. मी तीनदा विनवलं. तीनदा नाही म्हणाल्या.

मग आईला सांगायला बसले. तिच्या खोलीत, तिच्या पलंगाच्या कडेवर, खाली मान घालून. वॉर्डातल्या त्या ओळीपर्यंत आले तेव्हा ती म्हणाली, हो, गेले होते मी, एक उंच नर्स होती, तिनं पाणी दिलं होतं मला. मंगळवारचं सांगितलं तेव्हा तिनं माझ्या हातावरचा तिचा हात काढून घेतला. मी रडत होते, तिनं मला रडू दिलं, उगी म्हटलं नाही. मग एकच विचारलं. सोमवारी ते डॉक्टर किती वाजता बसतात?

म्हणून हे पत्र, भुंग्या. क्षमा मागायला नाही, ती मागायची तर मला वेगळं यावं लागेल आणि तू दार उघडायलाच हवंस असंही नाही. तू नुसता दारुडा असतास तर मी तुझ्याइतकीच नाचले असते. सोमवारी डॉक्टर सगळं ऐकूनही गोळ्या थांबवा म्हणाले तर थांबव, तुझा हात, तुझं आयुष्य. हात थरथरतो तेही त्यांना नीट सांग, औषध बदलता येत असेल, प्रमाण कमी करता येत असेल. पण माझ्या तोंडच्या खोट्यावरून त्यांना ठरवू देऊ नकोस. सोमवारी दहा वाजता आम्ही दोघी केंद्राच्या बाहेरच्या बाकावर असू. आत गेल्यावर एका कागदावर सही कर, घरच्यांचं ऐकायला माझी हरकत नाही, एवढंच लिही. सही केलीस तरी मी आत येणार नाही. माझं सगळं या पत्रात आहे, ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. आत आई येईल. बारा वर्षांपूर्वी ती पर्स मांडीवर घेऊन तयार बसली होती आणि मी तिला उठवलं. या वेळी तिला बोलू दे.

उशिरा का होईना, तुझीच
ताई